बिनहाकेचं नाव

४ जून २००४
या वयात नोकरी काहून, तर घरी बसून अंगाला मुंग्या येऊन राहिल्या म्हणून. बस. एकतीस वर्षं शिरड शहापूरला कोतवाल होतो, तलाठ्याच्या नोटिसा चावडीवर डकवल्या. आता हिंगोलीत कॉम्प्युटरच्या हापिसात बसतो. त्यात नवल काय. हळदीच्या आडतीच्या वर खोली हाय, वारा बेस येतो, खालून वसराम अद्रकीचा चहा आणतो. मुकुल आन् रेवती, दोघं लेकरंच, गावांच्या याद्यांचा प्रोग्राम लिहितात. त्यातल्या चुका दुसरा प्रोग्राम आपोआप हुडकतो, दुरुस्ती सुचवतो. कागद निघतो. वजाची खूण असलेली ओळ जाणार, अधिकची खूण असलेली येणार. म्हणजे आपला सातबाऱ्याचा फेरफारच. मी 'हरकत न्हाई'चा शिक्का मारायचा, बटन दाबायचं. माणसाचा शिक्का लागतोच, असा नियम हाय. सातवी पास माणसाला बराबर जमतं.

९ जून
प्रोग्रामाच्या तपासणीला खरी नावं पाहिजेत म्हणून मुकुलनं ओळखीचीच घातली. वसरामचं, माझं. घरचीचं विचारलं. तोंडानं कोण सांगल? चिठ्ठीवर लिहून दिलं. रेवती हसून राहिली. म्हणे, काका, चाळीस वर्षांत एकदाबी नावानं हाक मारली न्हाई? म्हटलं, अगं म्हटलं की येते, पोरं माय म्हणतात, काम भागतं. घरी सांगितलं तर घरची म्हणे, मला कॉम्प्युटरात बसवलं का, मग आता भाकरबी तिथंच मागा.

१७ जून
दिवसाला पन्नास कागद. रेवती म्हणे वाचून मारा. मी सांगितलं, चावडीवरची नोटीस कोण वाचत होतं? पंधरा दिवस गेले, हरकत न्हाई, फेरफार मंजूर. जग चाललंच ना. आज एक कागद लांबलचक होता. तोबी तसाच मारला. उगा नखरे.

२२ जून
चहा आला न्हाई. खाली गेलो. वसरामचं दुकानच न्हाई. सपाट जागा, भिंतीवर धुराचा डाग तेवढा. आडतवाल्याला विचारलं तर तो म्हणे, कोण वसराम? रेवतीबी तेच म्हणे. कालपर्यंत त्याच्या हातचा चहा पीत होती. थट्टा करून राहिले असतील.

२३ जून
थट्टा न्हाई. फाईल काढली. शिक्का माझाच. वजाची ओळ, वसराम. कारण लिहिलेलं, 'या नावाला कोणी हाक मारत न्हाई.' मुकुलनं समजावलं. प्रोग्रामात एक तुकडा दुसऱ्याला बोलावतो, त्याला हाक म्हणतात. ज्याला हाकच न्हाई तो मेलेला, काढून टाकायचा. मी विचार केला, वसरामला मी काय म्हणत होतो? अरे चहा. समदे तेच म्हणत होते.

२४ जून
आज वजाच्या ओळीत घरचीचं नाव. शनिवारी दुपारी बारापर्यंत हाक न्हाई आली तर काढणार. हरकत लिहिली, सही केली, बटन दाबलं न्हाई. तरी कागद पुढं गेला. मुकुलनं सतरा तारखेचा लांब कागद दाखवला. 'शिक्केवाल्यानं आजवर एकबी हरकत घेतली न्हाई. सबब शिक्क्याची गरज न्हाई.' खाली माझाच शिक्का. मुकुल म्हणे, आता मलाबी थांबवता येत न्हाई. कोणी हाक मारली तरच राहील. त्याला वाटून राहिलं प्रोग्रामाचंच चाललंय.

२५ जून
एवढंच तर करायचं होतं. दारात गेलो. शेजारची तारा गप्पा मारत बसलेली. नाव दातापर्यंत आलं. घरचीनं विचारलं, काय? तोंडातून निघालं मीठ. दोघी हसल्या. तिनं मीठ आणून दिलं.
उद्या. उद्या बराबर मारतो.

२६ जून
शनिवार. सकाळभर तिच्या मागं मागं. ती म्हणे तब्येत बरी न्हाई का. दुपारी बारा वाजून गेल्यावर तारा गेली. आता कोणी नव्हतं. मोरीकडं तोंड करून, डोळे मिटून मारली हाक. मोठ्यानं.
मागं वळलो. तव्यावर भाकर करपून राहिली. तव्यापुढं —

तारा धावत आली. म्हणे, काका, एकटेच राहता आन् कोणाला हाका मारून राहिले?

२७ जून
मुकुलकडून ती नावाची चिठ्ठी मागून आणली. कोरी.
लेकाला फोन लावला. मायचं नाव विचारलं. तो म्हणे, कोणाची माय —
ही वही पहिल्यापासून चाळली. घरची. घरची. घरची. नाव एकदाबी लिहिलं न्हाई मी. लाज —
ताटं दोन वाढली. काहून दोन, ते तारा विचारून राहिली.

हाक मारतोच हाय. कोणत्या नावानं, ते विचारू नका. न्हाई सांगणार. सांगायला नावच—