सोसायटीच्या सभेतला एक हात

माय, आज बीडच्या चौकात तुझ्यासाठी टाळ्या वाजल्या. आणीबाणीचा निषेध म्हणून दरवर्षी मोर्चा निघतो, दंडाला काळ्या फिती, हातात फलक, शेवटी भाषणं. तुरुंगात गेलेले आता मोजकेच उरलेत, म्हणून लेकरांना बोलावतात. तू तर तुरुंगात गेलीच नव्हतीस. पण आपल्या गावच्या गुरुजींच्या मुलाचा फोन आला, "ताई, तुमच्या आईचं सांगायलाच पाहिजे." मग गेले बाई. उन्हानं जीव नुसता कासावीस.

मी सांगितलं ते असं. बहात्तरच्या दुष्काळात दादा वारले, तुझं कुंकू पुसलं, आणि दूध सोसायटी ज्यांनी उभी केली त्या गुरुजींनी चेअरमनशी भांडून तुला सभासद करून घेतलं. एका म्हशीवर आपली चूल पेटायची. मग आणीबाणी आली, गुरुजींना पोलीस घेऊन गेले, आणि सभेत ठराव आला की गुरुजींचं नाव सोसायटीतून काढायचं. आपल्याकडं ठराव कसा होतो तुला ठाऊकच आहे. सेक्रेटरी घडाघडा वाचणार, कोणी ऐकणार नाही, चेअरमन "हात वर" म्हणाले की सगळे हात वर, झाला मंजूर! त्या दिवशीही गेले. तुझा तेवढा नाही.

"काय गं, हात दुखतो का?" चेअरमननं हसत विचारलं.

"गुरुजीनं माझं काय वाईट केलं न्हाई. म्या कावून वर करू?"

ठराव काही थांबला नाही. तुझ्या एका हातावाचून कोणाचं अडलं होतं? पण दुसऱ्या दिवसापासून सोसायटीच्या तपासणीत आपल्या दुधाला डिग्री लागेना. पाणी घातलंय म्हणून किटली परत. घरच्या चहात दूध दिसायचं नाही, पण विकायच्या दुधात तू कधी थेंबभर पाणी घातलं नाहीस, आणि तुझं दूध परत!

तू भांडली नाहीस. पऱ्हाट्या पेटवून खवा आटवायचीस आणि डोक्यावर पाटी घेऊन मांजरसुंब्याच्या ढाब्यांवर विकायला जायचीस. कधी उरायचा, तो आम्हा बहिणींना भाकरीसोबत मिळायचा. दुष्काळात वाढलेल्या पोरी आम्ही, त्या दिवशी दिवाळीच वाटायची. त्याच खव्यावर आम्ही शिकलो, माय. माझी नोकरी, पेन्शन, चारचौघांत बोलायची हिंमत, सगळं तुझ्यामुळं. आज हे लई जाणवतंय.

मी बोलून बसले तसा माईकवरचा माणूस गरजला, "अशी ती निर्भय माता!" असा राग आला मला! निर्भय म्हणे. त्या सभेत मी तुला खेटून बसले होते. सवयीनं वर जातील म्हणून तू दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होतेस. घरी आल्यावर तुला भाकरी थापता येईना, पीठ परातीबाहेर सांडत होतं. काय झालं विचारलं तर म्हणालीस, "काय न्हाई गं, लई भ्या वाटायलंय," आणि हसलीस. इतकं भिऊनही कोणी मागं हटलं नाही, असं मी पुढं फार कमी पाहिलं.

हे उठून सांगायला हवं होतं. माईक समोरच होता. पण लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते, माय, आणि मला त्या थांबवायच्या नव्हत्या.