सुंठ

३ डिसेंबर
आमच्या बीबी गावाहून मेहकरले आलो आन् आज कामावर रुजू झालो, बाप्पा! सीताफळाचा गर गोठवून ठेवायचं शीतगृह आहे. बाहेर ऊन, आत उणे अठरा. जोडीदार गजेंद्र मोठा टवाळ. पहिल्याच दिवशी माह्या डोक्यावर त्याची माकडटोपी चढवली आन् म्हणला, नवरदेवच दिसून राह्यला. आतल्या खोलीचं दार कधीकधी अडकते, हेही त्यानंच सांगितलं. मले तं लई आवडलं इथं.

९ डिसेंबर
गजेंद्र आत अडकला. दुपारी दार तोडलं तवा तो लाकडासारखा पडला होता, थरथरसुद्धा थांबलेली. नाडी होती, लई मंद. चौकीदार वामनरावांनी सुंठ आणली. अंग गार पडलं की आमच्याकडं सुंठच चोळतात. मी त्याले फरफटत बाहेर ओढलं, ओट्यावर टाकलं आन् जीव खाऊन हातपाय, छाती चोळत सुटलो. त्यानं डोळे उघडले. म्हणला, "हळू, बे."
मी आणखीच जोर लावला. माह्या तळव्याखाली त्याचं काळीज फडफडलं आन् बंद पडलं. मग छातीवर बुक्क्या मारल्या, बरगड्या मोडल्या, तोंडातून रक्त आलं. गेला.

१० डिसेंबर
डॉक्टरीणबाई म्हणल्या, इतकं गारठलेलं काळीज धक्का सोसत नाही. आडवंच ठेवून हळू उचलायचं, आधी छाती-पोटाले ऊब द्यायची, चोळायचं तं मुळीच नाही. हातापायातलं थंड रक्त काळजात शिरते आन् ते थांबते. तो वाचला असता.
वामनराव म्हणले, आयुष्यच तेवढं होतं. नाही. मी मारलं त्याले.

१४ डिसेंबर
आंघोळ करताना पाह्यलं, छातीवर पाच बोटांचे काळेनिळे वळ. खोलीभर सुंठीचा वास. माह्या खोलीत सुंठ नाही.

१७ डिसेंबर
दुपारी पडलो होतो. कोणीतरी छातीवर बसून चोळत होतं — दिसलं काहीच नाही. कातडं सोललं. बरगडी मोडली, आवाज आला. मी बीबीले जातो. मालक शेषराव म्हणले, उद्याचा माल काढ, मंग जाय.

१८ डिसेंबर
आत आहो. वही-पेन्सिल खिशात होती, म्हणून लिहून राह्यलो. दार त्यानंच लावलं, ज्याले मी मारलं. केस धरून डोकं लोखंडी मांडणीवर आपटलं — दात पडले — रक्त गोठून राह्यलं —

थरथर थांबली. जीभ हलत नाही.

बाहेर दार तोडून राह्यले. वामनराव ओरडून राह्यले, सुंठ आणा —
नाही. हे पान छातीवर ठेवतो. चोळू नका. आडवं ठेवून हळू उच—

दार उघडलं. सगळ्यात आधी गजेंद्र आला. माह्या हातातलंच पान वाकून वाचलं त्यानं. हसला. मुठीत सुंठ.
म्हणला, "हळू, बे?"
माह्या छाती—