वर्षाचं सामान

दि. ६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुझ्या कानांचं आणि माझ्या आवाजाचं जमत नाही, आणि हे ओरडून सांगण्यासारखंही नाही, म्हणून पत्र. शनिवारी चिमणीला दवाखान्यातून घरी आणतोय. तिला वाटतंय, दोन उपचारांच्या मधली ही सुट्टी आहे. तसं नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता उपचार थांबवलेले बरे, नुसता त्रास होईल. उन्हाळा निघेल, त्यापुढचं काही बोलवत नाही म्हणाले. मी मान हलवली, खाली आलो आणि भलत्याच बसमध्ये बसलो.

तिला यातलं काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. आम्हा नवराबायकोला घरात तिसरं कोणी नाही. आहेत ते दिवस तरी तिने बिनघोर काढावेत. तुझी पत्रं मी तिला मोठ्याने वाचून दाखवतो, तेव्हा या पत्राचं उत्तर माझ्या चष्म्याच्या दुकानावर पाठव, घरी नको.

आता कामाचं. औषधांनी तिला वास सोसेनासे झालेत. फिनेल, फरशीचं हिरवं पाणी, भांड्यांचा साबण, कशाचाही वास आला की पोटात ढवळतं. वसतिगृहाची कोठी सांभाळण्यात जिचा जन्म गेला, फिनेलचे पिंप जिने नाक न मुरडता उघडले, तिची ही गत. तुझ्या घरी यातलं काहीच नसतं, सगळं सोडा आणि लिंबावर चालतं. काय आणू, किती आणू आणि कशात ठेवू, ते नीट लिही. मला फक्त भिंगं पुसता येतात.

कळावे, तुझी माया आहे तशीच राहू दे.
तुझा,
गुंड्या


दि. १० फेब्रुवारी

चि. गुंड्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. लग्न होऊन आली तेव्हा एवढीशी होती म्हणून मीच तिला चिमणी म्हणायला लागले. तिच्याआधी जायचा मान माझा होता रे.

लपवायचं म्हणतोस ते मला पटलेलं नाही. मी आयुष्यात खोटं बोलले नाही, हे तू जाणतोस. त्यापायी चार माणसं दुखावलीही. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. पण बायको तुझी आहे. मी तोंड उघडणार नाही.

आता सामान. खायचा सोडा, धुण्याचा सोडा, पांढरं व्हिनेगर, लिंबूसत्व आणि जाडं मीठ. एवढ्यात घर लखलखतं. दोन्ही सोडे घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत ठेव, कारण सोडा हवेतलं पाणी पितो आणि शेजारचे वासही ओढतो. ओला चमचा घालशील तर खबरदार. धुण्याचा सोडा हाताची सालं काढतो, हातमोजे घालून वापर. व्हिनेगर काचेच्या बाटलीत, उन्हापासून लांब, पत्र्याचं झाकण नको. त्याचा वास तासाभरात उडतो, तरी ती दुसऱ्या खोलीत असतानाच खिडक्या उघडून पूस. लिंबूसत्व दिसायला थेट साखर, बरणीवर नाव चिकटव, नाहीतर चहात घालशील. औषधाच्या दुकानात पुड्या बांधत मी म्हातारी झाले, अशा चुका करणारे शहाणे मी पाहिलेत.

आणि मुख्य म्हणजे थोडं थोडं आण. पावशेर सांगितलं की पोतं आणणारा तू. महिन्यापुरतं घे, संपलं की पुन्हा घे. जुनं झालं की लिंबूसत्वाचा दगड होतो.

तिला जप, स्वतः वेळेवर जेव, आणि या म्हातारीला विसरू नकोस.
तुझी,
ताई


दि. २० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चिमणी घरी आली आणि घराला घरपण आलं. खिडकीपाशी खुर्ची टाकून दिली आहे, तिथून हुकूम सोडत असते. फरशी सोड्याच्या पाण्याने पुसली, नळ लिंबूसत्वाने चमकवले, आणि अजून एकदाही तिला ओकारी आलेली नाही. दुकानातल्या गिऱ्हाईकांना मी आता चष्म्याऐवजी व्हिनेगर विकतो की काय, असं तिने शेजारणीला सांगितलं.

एक पराक्रम केला. सोडा चांगला, व्हिनेगर चांगलं, मग दोन्ही एकत्र करून ठेवावं, वेळ वाचेल, असा विचार करून एका बाटलीत घातलं आणि बूच घट्ट लावलं. बूच छताला लागून परत माझ्या टकलावर आलं. ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. तुला आधी सांगायला काय झालं होतं?

तुझ्या हुकुमाप्रमाणे सगळं महिन्यापुरतं आणलं. बरण्या फळीवर मांडल्या तर ती बराच वेळ बघत राहिली. इतकं थोडं का, असं विचारलं. मी सांगितलं की ताईने बजावलंय, आणि दुकानदार तर वर्षाचं घ्या, स्वस्तात देतो म्हणत होता, पण मीच म्हटलं की वर्षाचं घेऊन करायचंय काय. तुझं नाव काढलं की ती गप्प बसते, हे बरं आहे. अजून तिला कशाचा संशय नाही.

सवडीने लिही. लोभ कमी करू नकोस.
तुझा,
गुंड्या


दि. २४ फेब्रुवारी

ती. वन्संना,
कृतानेक नमस्कार.

हे पत्र शेजारीण पेटीत टाकणार आहे. ह्यांना ठाऊक नाही, आणि ठाऊक होता कामा नये. खुर्चीत मांडीवर कागद धरून लिहिते आहे, अक्षर लावून घ्या.

वन्सं, मला कळलं आहे. फळीवरचा मूठभर सोडा पाहिला तेव्हा थोडं खटकलं. एक टाचणी मागितली तर डबी आणणारं माणूस हे. मग बोलता बोलता हे म्हणाले की वर्षाचं घेऊन करायचंय काय. वाक्य तोंडातून गेलं आणि हे एकदम पाठ फिरवून फळी पुसायला लागले. नुकतीच पुसलेली फळी. मी जन्मभर कोठीत सामान भरलं. कोणासाठी किती भरायचं, हे मला कोणी समजावून सांगावं लागत नाही.

मला फार भीती वाटते. हे कोणाला तरी सांगायचं होतं म्हणून लिहिते आहे. मला मरायचं नाही. मला अजून ह्यांच्याशी भांडायचं आहे. पण दुकानातून आले की हे नळाखाली किती तरी वेळ तोंड धुतात आणि मग हसत माझ्यापुढे येतात. तेवढं एक हसू टिकवण्यासाठी त्यांची सगळी धडपड चालली आहे. मला कळलंय हे त्यांना कळलं तर ते मोडून पडतील, आणि त्यांना सावरायची ताकद आता माझ्यात नाही. तेव्हा त्यांना कधीच कळू देऊ नका. मी गेल्यावरही नाही.

एक काम करा. सोडा पोत्याने आणि व्हिनेगर कॅनने आणायला त्यांना लिहा. मीही हट्ट धरते. घरात वर्षाचं सामान भरलेलं दिसलं की त्यांना वाटेल, मी वर्षाच्या हिशेबात आहे. तुम्ही मात्र येऊ नका. तुमचं तोंड पाहिलं की मला रडू फुटेल आणि सगळं बाहेर पडेल.

तुमच्या पायाशी माझं काही चुकलं असेल तर पोटात घाला.
तुमची,
चिमणी


दि. १ मार्च

चि. गुंड्यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र घरच्या पत्त्यावर पाठवते, दोघांनी मिळून वाचा. थोडं थोडं आण असं मी लिहिलं, ते माझं चुकलंच. माझ्या घराला ओल आहे, म्हणून माझं सामान खराब होतं. तुमचं घर कोरडं ठणठणीत. तेव्हा सोड्याचं पोतं घे, व्हिनेगरचा कॅन घे. डबे उन्हात तापवून भर, झाकणाखाली कापड लाव, वर्ष सहज निघेल. कोठीवाल्या बाईच्या देखरेखीखाली भर म्हणजे मला काळजी नाही.

चि. सौ. चिमणीला सांग की तिचं सगळं म्हणणं मला मान्य आहे. कुठलं म्हणणं, ते तू विचारू नकोस, ते आम्हा बायकांचं आहे. तिला म्हणावं, तिच्यासारखी भावजय मिळायला माझं नशीब थोर. हे आधीच सांगायला हवं होतं.

दोघं एकमेकांना जपा.
तुमची,
ताई


दि. ९ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तार मिळाली असेलच. गेल्या महिन्यात तुझा पाय मोडला, तुला येता आलं नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. सकाळी गेली. मी तिचा हात धरला होता. खोली नुकतीच पुसली होती, कसलाही वास नव्हता.

ताई, घर खायला उठतं. पोत्याला जेमतेम हात लागला आहे. आणलं त्या दिवशी ती खुर्चीत बसून डबे भरून घेत होती, पुढच्या हिवाळ्यात स्वयंपाकघराला रंग द्यायचा, पडदे बदलायचे, असं काय काय ठरवत होती. मी हो हो म्हणत होतो आणि काळीज तुटत होतं. शेवटच्या आठवड्यातसुद्धा सोडा संपत आला की आधीच सांगा म्हणाली.

माझ्या हातून तिच्यासाठी दुसरं काही झालं नाही. एवढं एकच केलं, की तिला कळू दिलं नाही. भीती तिच्यापर्यंत पोचू दिली नाही. तू खोटं बोलत नाहीस, म्हणून तुलाच विचारतो. तिला कळलं नव्हतं ना?

उत्तर लवकर पाठव.
तुझा,
गुंड्या


दि. १३ मे

चि. गुंड्यास,
अनेक आशीर्वाद.

बाळा, रडून घे, आवरू नकोस. मीही पत्र हातात घेऊन बसले होते, डोळ्यांना खळ नाही. पाय जमिनीला टेकला की तुझ्याकडे येते आणि तू हाकलेपर्यंत राहते.

तू विचारलंस त्याचं सरळ उत्तर देते. नाही, तिला काही कळलं नव्हतं. तिने मला एक पत्र लिहिलं होतं, तुझ्या नकळत. त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत पुढच्या वर्षाचेच बेत होते. तुला दाखवलं असतं, पण माझ्याकडून कुठे तरी हरवलं. वय झालं रे माझं.

माझा जीव तुझ्यात आहे, हे धरून राहा.
तुझी,
ताई