घुबडाचा चष्मा

प्रिय चिमणे,

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. आज फोनवर बोलायला तीनदा बसलो आणि तिन्ही वेळा इकडच्या तिकडच्या गप्पा मारून फोन तुझ्या आईच्या हातात दिला. म्हणून हे तुझ्या भावाबरोबर हातोहात पाठवतोय. बाळाच्या डाव्या डोळ्याबद्दलच लिहायचं आहे, पण आधी आज काय घडलं ते ऐक. सकाळपासून माझे पाय जमिनीवर नाहीत.

चष्म्यांचं दुकान तुझ्या भावाकडे सोपवल्यापासून मी त्या प्राण्यांच्या प्रयोगशाळेत जातो. काम काय, तर घुबडांचे चष्मे करायचे. हस, मनसोक्त हस. तुझी आई अजून हसते. म्हणते, माणसांना चष्मे लावून संपले, आता घुबडं धरली. पण कामात कस लागतो गं. घुबडाला डोळे फिरवता येत नाहीत, ते सबंध मानच वळवतं. नाकाच्या जागी चोच, आणि कान पिसांत कुठे दडलेत ते शोधण्यात माझा आठवडा गेला. तीन फ्रेमी मोडल्या तेव्हा चौथी बसली. काचा अशा, की त्यांतून बघितलं तर समोरची वस्तू सरकून उजवीकडे दिसते.

घुबडं दोन. एक वयस्कर, त्यांना आम्ही थोरले म्हणतो. दुसरं पिल्लू, ते धाकटे. दोघांना एकाच दिवशी चष्मे लावले. मग रोज चाचणी. खोली काळोखी करायची, कुठूनतरी ‘टिक’ असा आवाज सोडायचा आणि मान किती वळली ते यंत्रावर बघून वहीत लिहायचं. अंधारात डोळ्यांचा उपयोग नाही, त्यामुळे मान वळते ती निव्वळ कानाच्या भरवशावर. सुरुवातीला दोघंही अचूक. दुसऱ्या महिन्यात मात्र धाकट्यांचं बिनसलं. आवाज समोरून यायचा आणि हे बघायचे उजवीकडे.

मला दरदरून घाम फुटला. वाटलं, माझीच फ्रेम कानावर दाबते आहे. जन्मभर माझ्या हातची फ्रेम कुणाला टोचली नाही आणि आता एका घुबडाच्या पिल्लाने माझी अब्रू काढली. हा प्रयोग ज्यांचा, त्या संशोधक बाई रोज यायच्या आत जाऊन मी काडी कानशीने घासायचो. घासावी तेवढी चूक वाढत चाललेली. आज शेवटी धीर करून बाईंना सगळं कबूल केलं. त्यांनी वही पाहिली आणि तिथल्या स्टुलावर मटकन बसल्या. म्हणाल्या, अहो काका, हीच चूक बघायला मी दोन वर्षं थांबलेय.

काचेतून वस्तू जेवढी सरकते, बरोबर तेवढीच मान उजवीकडे जात होती. डोळा म्हणत होता वस्तू तिथे आहे, कान म्हणत होता इथे आहे. धाकट्यांच्या मेंदूने डोळ्याचं खरं मानलं आणि कानाचा हिशेबच बदलून टाकला. बाईंनी माझ्यादेखत चष्मा काढला. दिवा मालवला, टिक झालं, तरीही मान उजवीकडेच. माझी फ्रेम निर्दोष सुटली, चिमणे. मी या वयात टाळ्या पिटल्या, आणि घुबडं घाबरतात म्हणून तिथल्या राखणदाराने मला झापलं.

मग मी विचारलं, थोरल्यांचं कधी बदलणार? बाई म्हणाल्या, त्यांचं आता नाही व्हायचं काका, ते वय गेलं. काच तीच, चष्मा तोच, दिवसही तेवढेच. माझा आनंद तिथेच अडकला. जणू शेजाऱ्यांचं विचारतोय अशा सुरात मी विचारलं, माणसाच्या बाळाच्या एका डोळ्यात जन्मतः मोतीबिंदू असेल तर? त्या म्हणाल्या, मेंदू त्या डोळ्याचा नाद सोडून देतो. पुढे कितीही छान ऑपरेशन करा, डोळा स्वच्छ होतो पण त्यातून नीट दिसत नाही. तिथे आठवडे मोजतात, काका.

पंधरा दिवसांपूर्वी तुझ्या डॉक्टरांनी ऑपरेशन लगेच करायचं सांगितलं आणि तू मला विचारलंस. मी ऐटीत म्हणालो, एवढ्याशा जिवाला कशाला छळता, वर्षाचं होऊ दे, डोळा काय पळून जातोय? तू माझ्या भरवशावर ठरलेली तारीख रद्द केलीस. चिमणे, मी चुकलो. मला काचा कळतात, त्यांच्या मागचं काही कळत नव्हतं आणि तसं म्हणायला जीभ रेटली नाही. बाळ आज सात आठवड्यांचं आहे. हे वाचून होताच दवाखान्यात फोन कर आणि मिळेल ती पहिली तारीख घे. जावईबापूंना सांग, सासऱ्याने शब्द मागे घेतला. ऑपरेशननंतर मेंदूने डावा डोळा वापरायला शिकावं म्हणून चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी बांधतील, बाळ आक्रोश करेल, आणि ती सोडायला तुझा हात पुढे जाईल. तेव्हा तो हात धरायला कुणीतरी हवं. मी परवाच्या गाडीने येतोय.

तुझाच, चुकलेला आणि निघालेला,
बाबा