तीन महिने गोडीत

४ जून
आज कायदेशीर खर्चाचा विमा उतरवला. वकील, कोर्ट, सगळं आता कंपनीच्या खिशातून. गरिबाला न्याय मिळतो तो असा. मी गरीब नाही, पण फुकट मिळणारा न्याय सोडायचा कशाला? शेजारचा श्लेगल दुपारी एक ते तीन, सगळं रॉयटलिंगेन शहर आडवं पडलेलं असताना, ट्रॉम्बोन फुंकतो. निवृत्त झाल्यापासून एक धड वामकुक्षी नाही. आता बघतोच.

५ जून
एजंट क्नॉबेलबाईंचा फोन. पहिले तीन महिने विमा लागू नाही. भांडण आधीचं निघालं तर एक सेंट मिळणार नाही, तोवर गोडीत राहा, म्हणाल्या. मी म्हटलं, तो तर माझा स्वभावच आहे. हे ऐकून बायकोला, गुद्रुनला, हसता हसता ठसका लागला.

८ जून
धोरण ठरलं. भांडण नव्हतंच, याचा पुरावा तयार करायचा. गुद्रुनच्या हाती श्लेगलकडे केक पाठवला. निरोप : आपलं वादन ऐकून कान तृप्त होतात.

२२ जून
केक दर रविवारी. गुद्रुन तास तास अडकते. भिडस्त बिचारी. श्लेगल आता संध्याकाळीही वाजवतो. वाजव लेका, वाजव.

१३ जुलै
श्लेगल कुंपणाशी आला. अकरा वर्षांच्या अहो-जाहोनंतर म्हणे, आता अरे-तुरे करू या, मी रुडी. नाही म्हणावं तर वैर सिद्ध होतं. ग्लासला ग्लास भिडवला. मग कानांत कापूस घालून पडलो. झोप नाही.

१७ ऑगस्ट
गुद्रुन आता रोज जाते. परतते ती लालबुंद होऊन, धापा टाकत. ऊन बाधत असणार. टोपी घाल म्हटलं.

५ सप्टेंबर
मुदत संपली! एक वाजता वकिलाचा नंबर काढून तयार. एक सूर निघू दे फक्त. सव्वा वाजला, श्लेगल गप्प. घाबरला!
मग सूर आला. आमच्याच माडीवरून.
वर गुद्रुन. हातात ट्रॉम्बोन. म्हणाली, रुडीने शिकवलं, जुना वाजवायला दिला. तिला घरी रियाज करता यावा म्हणून तो दुपारी वाजवायचा थांबलाय. तुझे कान तृप्त होतात ना, म्हणाली. तिला इतकं खूश मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. फार लागलं मनाला.

६ सप्टेंबर
क्नॉबेलबाईंना फोन. नवराबायकोची भांडणं विम्यात बसत नाहीत. शिवाय सौ. तुमच्याच पॉलिसीत आहेत, म्हणाल्या. मग तिच्याशी जरा गोडीत राहून बघा, हेही म्हणाल्या.

११ सप्टेंबर
अखेर वामकुक्षी! एक ते तीन, गाढ. रुडीच्या सोफ्यावर. त्याच्याकडे दुपारी फार शांत असतं.