हमोकाका कोणाच्या वाट्याला

प्रिय नादामावशी,

नमस्कार. थंडीत तुझे गुडघे कुरकुरत असतील आणि तू त्यांच्याकडे नेहमीसारखं दुर्लक्ष करत असशील. आई बरी आहे. तू झाग्रेबच्या माणसाशी लग्न केलंस हे तिला अजून मान्य नाही, एरवी काही तक्रार नाही.

मी अजून सीमेवरच आहे. आम्हा स्लोव्हेनियाच्या आणि इटलीच्या पोलिसांची हल्ली एकत्र गस्त असते, आणि माझ्या वाट्याला रुज्जेरो आलाय. त्याला माझी भाषा येत नाही, मला त्याची अर्धी येते (शिव्यांची अर्धी), त्यामुळे आमचं कधी भांडण होत नाही. गेल्या महिन्यात रानात आम्हाला एक म्हातारा दगडावर बसलेला सापडला. हमो त्यांचं नाव. सीरियातले कुर्द, पेशानं न्हावी. पळायचं सोडून ते उठून उभे राहिले, छातीवर हात ठेवला, आणि आम्हीच त्यांच्याकडे पाहुणे आल्यासारखे खिशातले बदाम पुढे केले. दुभाषी बाईंना फोन लावला तेव्हा कळलं, मुलगी झोझान इटलीतल्या त्रिएस्तेत लाँड्रीत इस्त्री करते, तिच्याकडे निघालेत. खाली समुद्राकाठी तिचं शहर दिसतच होतं.

आता दगड नेमका सरहद्दीवर. माझं कार्यालय म्हणे, माणूस इटलीत आहे. रुज्जेरोचं म्हणे, तोंड इटलीकडे असलं तरी बैठक स्लोव्हेनियात आहे. (दोन्हीकडचे साहेब अतिशय नम्र. लग्नाच्या पंगतीत शेवटचा लाडू एकमेकांना वाढावा तसं चाललं होतं.) तेवढ्यात हमोकाकांनी रुज्जेरोचे कल्ले न्याहाळले, मान हलवली आणि खिशातून कात्री काढली. नियमानं ती जप्त करायला हवी होती. पण रुज्जेरो टोपी काढून मुकाट्यानं दगडावर बसला. कल्ले जन्मात पहिल्यांदा सारखे झाले.

मग यंत्रावर काकांची बोटं ठेवली, तर क्रोएशियानं ठसे आधीच घेतलेले. ज्या देशानं पहिल्यांदा ठसे घेतले, त्यानंच माणसाचा आश्रयाचा अर्ज ऐकायचा, असा नियम. तिन्ही सरकारांचं चुटकीसरशी एकमत झालं. मी म्हटलं, अहो, पण मुलगी इथे आहे. तर म्हणे, लेक सज्ञान झाली की तिला कुटुंबात धरत नाहीत.

"हे त्यांना तू सांग," रुज्जेरो म्हणाला.

"मी का? तुझ्या देशात आहे ना मुलगी?"

"तुला भाषा येतात."

"कुर्दी?"

शेवटी दुभाषी बाईंनीच सांगितलं. काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि फोनमध्ये काहीतरी विचारलं. बाईंनी आम्हाला त्याचा अर्थ सांगितला, "ते विचारतायत, मग ती कोणाची मुलगी?"

त्यांना क्रोएशियाच्या हवाली करायला निघालो, तर रुज्जेरोनं गाडी उलटीकडे वळवली आणि इटलीतल्या एका पेट्रोल पंपावर उभी केली. म्हणाला, चाक डुगडुगतंय. (चाक ठणठणीत होतं.) दुभाषी बाईंच्या निरोपावरून झोझान तिथे बसनं आली, डब्यात द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात घेऊन. काका मागच्या सीटवर बसून तिलाच भरवत राहिले. मग त्यांनी तिच्या डोळ्यांवर येणाऱ्या बटा कापल्या. पोरगी डोळे मिटून बसली होती, केस गालांवर चिकटत होते. रुज्जेरो चाकाचे नट काढायचा, पुन्हा बसवायचा, पुन्हा काढायचा. एवढा वेळ हमोकाका इटलीत होते, याची कुठेही नोंद नाही.

मग दुसऱ्या, क्रोएशियाच्या सरहद्दीवर मी त्यांना उतरवलं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि आभार मानले. कशाचे, ते विचारायला माझ्यापाशी भाषा नव्हती. असो. नोकरीत असं चालायचंच, मी आता ते डोक्यातून काढून टाकलंय.

आईचा नमस्कार.

तुझा,
मात्याझ

ता. क. काढून वगैरे काही टाकलेलं नाही. क्रोएशियानं काकांना तुझ्याच झाग्रेबमध्ये ठेवलंय, ट्रामच्या शेवटच्या थांब्याजवळच्या निर्वासितांच्या वसतिगृहात. जेवत नाहीत. झोझानच्या स्वतःच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत तिला सरहद्द ओलांडता येत नाही. तू तुझं कोंबडीचं सूप घेऊन जाशील का? (डुकराचं काही घालू नकोस.) डाव्या कानाशी बोल, उजव्यानं ऐकू येत नाही.

आणखी एक. वसतिगृहातली बाई फोनवर सांगते, हल्ली जी कोणी ताट घेऊन येते तिला ते झोझान म्हणून हाक मारतात. तुलाही मारतील. तू ओ दे.