सैतान एष्टीत चढला नव्हता

कोडोली
२८ एप्रिल २००३

प्रिय शांतवन,

सलाम. मी बरी हाय, गुडघा तेवढा दुखतो. तू बरा असशील, सभेला बोलावणी येतात म्हणजे बराच असणार. आता कामाचं. सुवार्ताचं लग्न ठरलंय. मुलगा जयसिंगपूरचा, शाळेत शिकवतो, घरचे प्रार्थनेतले हाईत. पंधरा मेला आपल्याच चर्चात लग्न. तुझ्या पोरीचं लग्न ठरलंय हे तुला महिन्यामागंच कळायला पायजे हुतं. का कळलं न्हाई ते सांगणार हाय, पण आधी माझं पोटातलं काढू दे, न्हाईतर कागद पुढं सरकणार न्हाई.

मागल्या साली उज्जीवन सभेला तू आल्तास. इतक्या वर्षांनी कोडोलीत पाय टाकलास तो थेट मंडपात, पुढच्या बाकावर. पाळक साहेबांनी तुझ्या खांद्यावर हात ठेवला. तू माईकपुढं उभा राहिलास आणि दारू कशी प्यालास, ट्रकवर कसा पडून असायचास, पुण्यात प्रार्थनेच्या मंडळींनी तुला कसा उचलला, सगळं सांगिटलंस. बायका डोळ्याला पदर लावून रडल्या. जिनं तुला लहानपणी चिंचा चोरतो म्हणून काठीनं हाणलं ती म्हातारीसुद्धा रडली. मी मागं चुलीवर चहाचं पातेलं ढवळत हुते. दोनशे माणसांचा चहा. धूर डोळ्यात जात हुता म्हणून बरं, कुणी विचारलं न्हाई माझ्या डोळ्याला काय झालं ते.

खरं सांगू? मला तुझा राग न्हवता आला. पोटात दुखलं. मी एक दिवस दारू प्याले न्हाई, माझी साक्ष कोण ऐकणार? दवाखान्यात आया म्हणून जन्म काढला, लोकांची घाण काढली, रविवार चुकवला न्हाई, त्यावर एकदा तरी कुणी हालेलुया म्हटलं का? पाळक साहेब सांगतात, मेंढपाळ हरवलेल्या एका मेंढराला शोधायला गेला. गेला तर गेला. त्या टायमाला बाकीच्या नव्व्याण्णवांना चारा कुणी घातला ते सांगत न्हाईत. दुसऱ्या दिवशी तुझ्यासाठी तीन घरांतनं कोंबडीचं कालवण आलं. मला म्हणतात कशा, अक्का, भांडी सवडीनं परत द्या हं. भांडी घासली कुणी? मीच.

आणि सुवार्ता तुझ्याजवळ बसलेली. तू तुझ्या ताटातला रस्सा तिच्या भातावर घातलास आणि ती हसली. मी तिला लहानाची मोठी केली, तिला तिखट सोसत न्हाई हे मला ठावं हाय. तिनं तो रस्सा गपगुमान खाल्ला. घोट घोट पाणी पीत खाल्ला, पण खाल्ला. मी तसा वाढला असता तर ताट सरकवलं असतं तिनं.

आता तुझ्या साक्षीचं. तू म्हणालास, सैतानानं मला बायकोपासनं तोडलं, पोरीपासनं तोडलं. शांतवन, मी त्या दिवशी स्टँडवर हुते रे. तानाबाई पोरीला काखेला मारून तुझ्या मागनं पळत आल्ती, मी तिच्या मागनं. कोल्हापूरच्या एष्टीत तू चढलास. बॅग तुझ्या हातात हुती. सैतान एष्टीत चढला नव्हता, त्यानं तिकीट काढलं न्हाई. तू वळून बघिटलंससुद्धा, आणि मग कंडक्टरला म्हणालास, चला की. हे तू माईकवर सांगिटलं न्हाईस. तानाबाईचं नावसुद्धा घेतलं न्हाईस. नुसतं, माझी पत्नी प्रभूजवळ गेली. कशी गेली? कबनूरला आईच्या घरी राहून मागाच्या शेडात कांड्या भरत हुती, कापसाच्या धुळीनं छाती भरली, खोकून खोकून गेली. पोरीला माझ्या वटीत घालून गेली. देव तुला माफ करतो यावर माझा विश्वास हाय, मी कोण मधी बोलणारी. पण देवानं माफ केलं म्हणून जे आपण केलं ते दुसऱ्या कुणाचं होत न्हाई. मी केलं म्हण, मग आमेन म्हण. मला चौथीपर्यंतच्या शाळेत एवढंच कळलंय.

हे सगळं मी तुला मोठ्या तोंडानं सांगत हुते मनातल्या मनात. आणि बघ काय केलं ते.

सोयरीक ठरली तवा ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस चालू हुते. सुवार्ता म्हणाली, आत्या, पप्पांना तू कळव, पहिलं सांगणं घरातल्या थोरल्यानं करायचं असतं. तुझ्या शेजाऱ्याचा फोन नंबर तू माझ्याकडंच दिल्तास. मी म्हटलं, लावते की. आपल्या कोपऱ्यावर रुद्राप्पाचं एसटीडी बूथ हाय, तिथं जाऊन आले. लावला न्हाई. बूथात चार माणसं हुती म्हणून मीच मला सांगिटलं. दुसऱ्या बारीला कुणी न्हवतं तरी लावला न्हाई. सुवार्ता विचारायची, लागला का? मी म्हणायची, लागत न्हाई बाई, नुसती घुंई घुंई वाजतं. रुद्राप्पाचं मशीनच कुचकामी. पोरीचं तोंड एवढंसं व्हायचं आणि मला, काय सांगू तुला, बरं वाटायचं. वाईट वाटायचं आणि त्याच्याखाली बरं वाटायचं.

काल चर्चात लग्नाची पहिली पुकार झाली, कुणाची हरकत हाय का म्हणून. पाळक साहेबांनी वाचलं, शांतवन यांची कन्या. माझं नाव कुठंच न्हाई, ते कायद्यानं बरोबरच हाय. चर्च सुटल्यावर सुवार्तानं माझा हात धरला आणि सरळ बूथवर नेलं. आत्ता माझ्यासमोर लाव म्हणाली. मी म्हटलं, नंबर घरी राहिला. तशी ती रुद्राप्पावरच घसरली. काका, महिना झाला आत्या फोन लावतीय, तुमच्या मशीनला काय रोग झालाय? माझ्या लग्नाला माझा बाप यायचा न्हाई तुमच्यामुळं. बाहेर माणसं थांबल्याली, सगळी बघायला लागली. रुद्राप्पा माझ्याकडं बघत हुता. त्याला ठावं हाय की मी तिथं नुसती बाकड्यावर बसून पाणी पिऊन उठायची. एका शब्दात मला उघडी पाडली असती त्यानं. त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, व्हय पोरी, लायनीत खराबी हाय, चुकलं माझं, आधी सांगायला पायजे हुतं. एक गिऱ्हाईक लगेच दुसऱ्या बूथकडं गेलं बघ.

शांतवन, माझी चूक त्यानं आपल्या अंगावर घेतली. आपल्यातला न्हवं, गळ्यात लिंग बांधणारा माणूस. मी जन्मभर ज्या प्रभूची गाणी गाते त्यानं माझ्यासाठी काय केलं ते मला तिथं बाकड्यापाशी कळलं, आणि लाजच वाटली, दुसरं काय न्हाई. तू सैतानावर ढकललंस, मी रुद्राप्पावर. बहीणभाऊ शोभतो.

घराच्या दारात यायच्या आधीच सुवार्ताला सांगिटलं. वाटलं, ओरडंल. ती ओरडली न्हाई. म्हणाली, आत्या, आज तू पप्पांसारखी वागलीस. एवढंच. मग आत जाऊन भाकरी थापायला बसली. आज सकाळी बूथवर गेले, तीन गिऱ्हाइकं उभी हुती, त्यांच्यादेखत म्हटलं, रुद्राप्पा, तुझं मशीन धड हाय, मीच फोन लावला न्हवता, पोरीला खोटं सांगिटलं. रुद्राप्पा कावराबावरा झाला. जाऊ दे की अक्का, म्हणाला. मी म्हटलं, जाऊ देऊन कसं चालंल, गिऱ्हाईक तुझं गेलंय. आता त्या तिघांनी गावभर केलं असंल. करू देत.

फोनवर हे बोलायला माझं तोंड झालं नसतं, आणि तू मधीच प्रभूची स्तुती असो म्हणाला असतास म्हणून मी ठेवून दिला असता. म्हणून लिहिते. लग्नात पाळक साहेब विचारतील, या मुलीला कोण देतो. ते उत्तर मी देणार हुते, मनात घोकून ठेवलेलं. जांभळं लुगडंसुद्धा काढून ठेवलंय. सुवार्ताच्या बाप्तिस्म्याला तू प्यालेला हुतास तवा तानाबाईच्या शेजारी उभी राहून मी जबाबदारीचं वचन दिलंय, हक्क हाय माझा. पण सुवार्ताला ते तुझ्या तोंडनं ऐकायचं हाय, आणि लग्न तिचं हाय. तवा ये. हे लिहिताना माझं पोट दुखतंयच, ते दुखणं माझं मी बघते, तू त्यात पडू नको. पण सरळ कोडोलीला यायचं न्हाई. तानाबाईची आई, पारूबाई, अजून कबनूरात तिथंच राहते. तिला दिसत न्हाई आता, आवाज ओळखते. मी आवतण द्यायला गेल्ते तर म्हणाली, नातीच्या आजोळला बापानं तोंडानं सांगायचं असतं, तो आला तर येते, न्हाईतर इथनंच आशीर्वाद. म्हणून पुण्यावरनं इचलकरंजीची एष्टी धर आणि आधी कबनूरला जा. तिच्यापुढं साक्ष देऊ नको, गाणं म्हणू नको. मी तुझ्या लेकीला सोडून गेलो, एवढंच म्हण आणि गप उभा राहा. ती काय म्हणंल ते पुरं ऐक. मग तिचा हात धर आणि दोघं मिळून घरी या. मी दोघांचा भात टाकून ठेवते.

तुझीच, जळकी का असंना,
अक्का